माळढोक आणि तणमोर: वर्गीकरण, अधिवास आणि संवर्धन स्थिती यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर-नगरच्या माळांवरचा माळढोक आणि अकोला-वाशीमच्या कुरणांतला तणमोर यांचा उल्लेख बहुतेक वेळा एकत्रच होतो. दोघेही एका कुळातले, दोघेही गवताळ प्रदेशातले आणि दोघांचेही अस्तित्व धोक्यात आलेले; त्यामुळे दोघांच्या गरजाही सारख्याच असाव्यात, असा समज सहज होतो. वर्गीकरण, अधिवास आणि संवर्धन स्थिती या तीन अंगांनी नीट पाहिले तर हा समज टिकत नाही, आणि त्यावर विसंबून आखलेल्या उपायांनी दोघांपैकी एकाचे तरी नुकसान होते. पुढील प्रश्नोत्तरे याच दृष्टीने लिहिली आहेत.

माळढोक आणि तणमोर हे एकमेकांच्या किती जवळचे आहेत?

दोन्ही पक्षी ओटिडिफॉर्मिस या गणातील ओटिडिडी या कुळात येतात. जगात या कुळाच्या सुमारे २६ प्रजाती असून त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेत आढळतात. भारतात चार प्रजाती आहेत: माळढोक, तणमोर, आसाम व तराईच्या उंच गवतात राहणारा बंगाल फ्लोरिकन आणि हिवाळ्यात कच्छ-राजस्थानच्या वाळवंटी पट्ट्यात येणारा हौबारा. पहिल्या तीन येथेच प्रजनन करतात, तर चौथी पाहुणी आहे.

कूळ एक असले तरी दोघांचे वंश (जीनस, म्हणजे कुळाखालचा जवळच्या प्रजातींचा गट) वेगळे आहेत. माळढोकाचे शास्त्रीय नाव आर्डिओटिस नायग्रिसेप्स. त्याच्या वंशातील इतर पक्षी, उदाहरणार्थ आफ्रिकेतील कोरी आणि ऑस्ट्रेलियातील माळढोक, हे सगळे थोराड बांध्याचे आहेत. तणमोराचे शास्त्रीय नाव सायफिओटायडीस इंडिकस, आणि त्याच्या वंशात तो एकटाच आहे. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. माळढोक नाहीसा झाला तर त्याचे भाऊबंद अन्य खंडांत तरी उरतील, पण तणमोर गेला तर एक संपूर्ण शाखाच संपेल, आणि ती शाखा भारतीय उपखंडाबाहेर कोठेही नाही.

हे पक्षी करकोच्याच्या किंवा मोराच्या जातीचे आहेत का?

नाहीत. उंच पाय आणि लांब मान यांमुळे माळढोकाला करकोच्याच्या किंवा क्रौंचाच्या पंगतीला बसवले जाई, आणि जुन्या वर्गीकरणात हे संपूर्ण कूळ क्रौंचांच्या गणातच होते. जनुकीय अभ्यासांनंतर त्यांना स्वतंत्र गण देण्यात आला. तणमोराच्या नावात मोर असला तरी मोर हा तित्तिर-कोंबड्यांच्या कुळातला आहे, आणि दोघांत जवळचे नाते नाही.

शरीररचनेतील दोन खुणा या कुळाची ओळख पटवतात. एक म्हणजे पायाला मागचे बोट नसते, तीनही बोटे पुढेच असतात. त्यामुळे फांदी पकडून झाडावर बसणे या पक्ष्यांना शक्य नाही आणि त्यांचे खाणे, झोपणे, अंडी घालणे हे सारे जमिनीवरच चालते. दुसरी म्हणजे शेपटीच्या मुळाशी असणारी तैलग्रंथी त्यांना नसते. संवर्धनाच्या दृष्टीने पहिली खूण अधिक बोलकी आहे, कारण ज्या पक्ष्याला झाडाचा आसरा घेताच येत नाही त्याला जमिनीवरचा प्रत्येक बदल थेट भोगावा लागतो.

प्रत्यक्ष माळावर दोघांना ओळखायचे कसे?

आकारातला फरक इतका मोठा आहे की गोंधळ होण्याचे कारण नाही. माळढोकाची उंची सुमारे एक मीटर असते. नराचे वजन ८ ते १५ किलोपर्यंत जाते आणि त्यामुळे तो उडणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांमध्ये गणला जातो. डोक्यावर काळी टोपी, फिकट पांढरी मान, तपकिरी पाठ आणि नराच्या छातीवर काळा पट्टा अशी त्याची ठेवण असते. मादी आकाराने बरीच लहान असते आणि तिच्या छातीवरचा पट्टा अपुरा असतो किंवा नसतोच.

तणमोर मोठ्या कोंबडीएवढाही भरत नाही. नराचे वजन साधारण अर्धा किलो असते आणि मादी त्याच्याहून थोडी जड असते, म्हणजे माळढोकाच्या नेमके उलट. विणीच्या हंगामात नराचे डोके, मान आणि पोट काळेभोर होते, पंखांवर पांढरा पट्टा उठून दिसतो आणि कानांमागून दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन, सुमारे १० सेंटिमीटर लांबीची, टोकाला चमच्यासारखी रुंदावणारी पिसे निघतात. हंगाम सरला की हा सगळा साज उतरतो आणि नर मादीसारखाच पिवळट-तपकिरी, काळ्या रेघोट्यांचा दिसू लागतो. त्यामुळे हिवाळ्यात तणमोर समोर असूनही नजरेतून सुटतो, आणि त्याच्या हिवाळी नोंदी इतक्या तुटपुंज्या असण्याचे हे एक मोठे कारण आहे.

दोघेही गवताळ प्रदेशातच राहतात, मग अधिवासात फरक तो काय?

गवताळ प्रदेश हा शब्द फार सैल आहे. माळढोकाला हवा असतो तो मोकळा, सपाट किंवा किंचित चढउताराचा, दूरवर नजर पोहोचेल असा माळ. तेथील गवत आखूड आणि विरळ असावे लागते. मुरमाड जमीन, कुसळी आणि पवन्यासारखी गवते, मधूनच एखादे बोरीचे किंवा तरवडाचे झुडूप आणि आसपास ज्वारी, हरभरा, भुईमूग यांची कोरडवाहू शेते, असे मिश्र चित्र त्याला मानवते. तो नाकतोडे, भुंगेरे, सरडे खातो, बोरे खातो आणि पिकांत शिरून दाणे व शेंगाही टिपतो. त्याचे संरक्षण लपण्यात नसून लांबून पाहण्यात आहे; कोल्हा, कुत्रा किंवा माणूस दूर असतानाच त्याला दिसला पाहिजे.

तणमोराची रीत निराळी आहे. त्याला गुडघ्याएवढे किंवा त्याहून थोडे उंच, दाट, पावसाळ्यात वाढलेले गवत लागते, कारण त्याचे संरक्षण गवतात बेमालूम मिसळून जाण्यात आहे. गवत चरून आखूड झाले की माळढोकाची फारशी अडचण होत नाही, पण तणमोराचे घरच मोडते. जेथे कुरणे उरलेली नाहीत तेथे तो मूग, ज्वारी, सोयाबीन अशा खरिपाच्या पिकांतही उतरतो. राजस्थानात अजमेर जिल्ह्याच्या सोनखलिया परिसरात तर त्याचा मोठा आधार शेतजमीनच आहे.

जागेच्या प्रमाणातही मोठी तफावत आहे. माळढोक वर्षभरात विस्तीर्ण मुलुखात फिरतो आणि एखादा लहान राखीव तुकडा त्याला कधीच पुरत नाही. तणमोराचा नर हंगामात लहानशा टापूत मांड ठोकतो, आणि त्यामुळे एखादे दीडदोनशे एकरांचे चांगले राखलेले गायरानसुद्धा त्याच्या उपयोगी पडू शकते.

तणमोर पावसाळ्यानंतर कोठे जातो?

तणमोराची वीण जुलै ते सप्टेंबर या काळात, मुख्यतः सौराष्ट्र, पूर्व राजस्थान आणि पश्चिम मध्य प्रदेशात होते. भावनगरजवळचे वेळावदरचे काळवीट राष्ट्रीय उद्यान, रतलाम जिल्ह्यातील सैलाना आणि धार जिल्ह्यातील सरदारपूर ही त्याची जुनी ठिकाणे. शेवटच्या दोन ठिकाणी १९८३ मध्ये खास याच पक्ष्यासाठी अभयारण्ये घोषित झाली. पश्चिम विदर्भात अकोला, वाशीम परिसरातही पावसाळ्यात त्याच्या नोंदी होतात. गवत वाळू लागले की पक्षी पांगतात आणि दक्षिण व आग्नेय दिशेला, दख्खनच्या पठाराकडे सरकतात. माळढोक अशा ठरावीक ऋतूत दूरचे स्थलांतर करत नाही, पाऊस आणि खाद्य पाहून तो स्थानिक हालचाली करतो. परिणामी माळढोकाचे क्षेत्र नकाशावर आखता तरी येते, पण तणमोर वर्षातले सात-आठ महिने कोणत्याही अभयारण्याच्या बाहेरच असतो.

दोघांच्या प्रजननात असा कोणता फरक आहे, ज्यामुळे एकाला सावरणे अधिक कठीण जाते?

या तुलनेचा गाभा मला याच प्रश्नात दिसतो.

दोन्ही प्रजातींत नर मादीला आकर्षित करण्यासाठी प्रदर्शन करतो आणि मीलनानंतर अंडी उबवणे, पिल्ले वाढवणे ही सगळी जबाबदारी मादीवर येते. माळढोकाचा नर गळ्याखालची पिशवी हवेने फुगवून, ती जवळजवळ पायांपर्यंत लोंबवत, शेपूट पाठीवर उलटी टाकून उघड्या माळावर उभा राहतो आणि खोल, घुमणारा आवाज काढतो. तणमोराच्या नराला हे जमणार नाही, कारण तो गवताच्या आत असतो. म्हणून तो उडी मारतो. क्षणभर गवताच्या वर दीड-दोन मीटर उसळतो, पंखांची फडफड आणि बेडकाच्या डरावण्यासारखा आवाज करतो आणि पुन्हा गवतात नाहीसा होतो. एका दिवसात एक नर अशा ५०० पर्यंत उड्या मारतो. आजवरच्या गणनांमध्येही मुख्यतः हे उडी मारणारे नरच मोजले जातात, कारण मादी गवतातून बाहेर डोकावतही नाही.

अंड्यांचे गणित मात्र अगदी भिन्न आहे. माळढोकाची मादी वर्षाला सहसा एकच अंडे घालते. ते उघड्या जमिनीवरच्या उथळ खळग्यात असते, जवळपास चार आठवडे उबवावे लागते आणि बाहेर आलेले पिल्लू बराच काळ आईसोबत राहते. वयात यायलाही या पक्ष्याला कित्येक वर्षे लागतात. म्हणजे एक प्रौढ मादी मेली तर तिची जागा भरून निघायला एक दशक जाऊ शकते, आणि तेही मधल्या काळात अंडे कुत्र्याच्या, मुंगसाच्या किंवा कावळ्याच्या तोंडी लागले नाही तर.

तणमोराची मादी एका वेळी तीन ते पाच अंडी घालते आणि ती सुमारे तीन आठवड्यांत उबवून होतात. पाऊस चांगला झाला, गवत वेळेआधी कापले गेले नाही आणि घरटी तुडवली गेली नाहीत, तर एका हंगामात संख्येत खरी भर पडू शकते. माळढोकासाठी आज कितीही केले तरी फळ दिसायला वर्षे लागणार आहेत, पण तणमोराच्या बाबतीत एक पावसाळा नीट गेला तर पुढच्या पावसाळ्यात त्याचा परिणाम दिसण्याची आशा बाळगता येते. असे असूनही पैसा आणि लक्ष यांचा ओघ मोठ्या पक्ष्याकडेच अधिक वाहिला आहे, याचे वाईट वाटते.

दोघांची जागतिक संवर्धन स्थिती काय आहे?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या, लाल यादीत दोघेही आज अतिसंकटग्रस्त या वर्गात आहेत. रानातून नामशेष होण्याआधीची ही शेवटची पायरी आहे. माळढोक २०११ मध्ये या वर्गात गेला आणि तणमोर २०२१ मध्ये. त्याआधी दोघांची नोंद संकटग्रस्त अशी होती.

या वर्गात जाण्यासाठी अनेक निकष आहेत. प्रौढ पक्ष्यांची संख्या २५० पेक्षा कमी असून ती घटतच असेल, किंवा दहा वर्षांत अथवा तीन पिढ्यांत, जो कालावधी मोठा असेल त्यात, संख्या ८० टक्क्यांहून अधिक घसरली असेल, तर प्रजाती येथे पोहोचते. माळढोकाची तुटपुंजी संख्या उघडच दिसते, तणमोराच्या बाबतीत घसरणीचा वेग भयावह आहे.

आज नक्की किती पक्षी उरले आहेत?

माळढोक पूर्वी अकरा राज्यांत आढळत असे आणि त्याच्या मूळ क्षेत्रापैकी सुमारे ९० टक्के क्षेत्रातून तो नाहीसा झाला आहे. अलीकडच्या अंदाजांनुसार रानात दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी पक्षी उरले असून त्यांतील जवळपास सगळे राजस्थानात, मुख्यतः जैसलमेर जिल्ह्यात आहेत. कच्छमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माद्या राहिल्या. महाराष्ट्रात एखाददुसरा पक्षी दिसल्याची बातमी येते, पण प्रजनन करणारी संख्या म्हणावी अशी स्थिती येथे राहिलेली नाही.

तणमोराचा इतिहास अधिक चटका लावणारा आहे, कारण तो आकड्यांत नीट नोंदलेला आहे. पक्षिशास्त्रज्ञ रवी शंकरन यांनी या पक्ष्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. १९९९ मध्ये एकूण संख्या सुमारे साडेतीन हजार असल्याचा अंदाज होता. २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत ती ७०० च्या खाली आल्याचे दिसले, म्हणजे दोन दशकांत जवळपास ८० टक्के घट.

भारतीय कायद्यात दोघांचा दर्जा सारखाच आहे का?

होय. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दोघांचाही समावेश आहे. त्यांची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांचा कारावास आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स करारात मात्र माळढोक पहिल्या परिशिष्टात आहे, तर तणमोर दुसऱ्या. स्थलांतरित प्रजातींच्या करारानुसार २०२० मध्ये गांधीनगरच्या परिषदेत माळढोकाला पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले.

राजस्थानने माळढोकाला, तेथील भाषेत गोडावणाला, राज्यपक्षी केले आहे. राष्ट्रीय पक्षी निवडताना सलीम अली यांनीही त्याचेच नाव पुढे केले होते, परंतु १९६३ मध्ये मोराची निवड झाली. तणमोराच्या वाट्याला असा कोणताही मान आलेला नाही.

या पक्ष्यांची संख्या मुळात घटली कशामुळे?

आधी शिकार, मग शेती, मग विकास असा तो क्रम आहे. ब्रिटिश अमदानीत या दोन्ही पक्ष्यांची बेसुमार शिकार झाली. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. आज संपूर्ण जगात जितके माळढोक आहेत त्याच्या कित्येक पट पक्षी एका जिल्ह्यात एका माणसाच्या बंदुकीला बळी पडले. तणमोराचा नर उडी मारून स्वतःची जागा स्वतःच दाखवतो, त्यामुळे विणीच्या ऐन हंगामात त्याला टिपणे सोपे होते.

स्वातंत्र्योत्तर काळात कालवे आणि विंधनविहिरी आल्या आणि कोरडवाहू माळ बागायती झाले. जेथे ज्वारी-हरभरा होता तेथे ऊस आणि द्राक्षे उभी राहिली. ज्वारीच्या शेतात माळढोक वावरू शकतो, उसाच्या फडात त्याला जागा नाही. शेतकऱ्याला पाणी मिळाले यात गैर काही नाही आणि त्याला दोष देणेही योग्य नाही. चूक झाली ती गायराने आणि माळ यांना सरकारी दप्तरात पडीक जमीन ठरवण्यात. एकदा तो शिक्का बसला की औद्योगिक वसाहत, सौर प्रकल्प, खाण, वृक्षलागवड अशा कोणत्याही कामासाठी तीच जमीन आधी पुढे केली जाते.

विजेच्या तारांचा धोका दोघांना सारखाच आहे का?

तारा दोघांनाही मारतात, पण माळढोकासाठी तो आज सर्वांत मोठा धोका आहे. या कुळातील पक्ष्यांचे डोळे बाजूला असतात. त्यामुळे चहूबाजूंचे त्यांना चांगले दिसते, पण समोरचा दृष्टिपट्टा अरुंद असतो, आणि उडताना खाली जमिनीकडे पाहण्यासाठी मान झुकवली की समोरचे दिसतच नाही. त्यात माळढोकाचे वजन इतके की तार शेवटच्या क्षणी दिसली तरी त्याला वळता येत नाही. वर्षाला एक अंडे घालणाऱ्या पक्ष्याचे असे अपघाती मृत्यू कोणत्याही प्रजननकेंद्राला भरून काढता येणार नाहीत.

याच कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी राजस्थान व गुजरातमधील अधिवासात शक्य तेथे तारा भूमिगत करण्याचा आणि अन्यत्र पक्ष्यांना तार दिसावी यासाठी चकत्या बसवण्याचा आदेश दिला होता. सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर क्षेत्राला लागू होणारा हा आदेश मार्च २०२४ मध्ये बदलण्यात आला आणि कोठे काय करायचे हे ठरवण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली गेली. सूर्य आणि वारा यांपासूनची वीज देशाला हवीच आहे. परंतु सगळ्या जैसलमेरमध्ये तारा टाकता येतील अशा जागा अनेक आहेत, माळढोकाला राहता येईल अशा जागा मात्र थोड्याच उरल्या आहेत, एवढे भान निर्णय घेताना असायला हवे.

नान्नजच्या अभयारण्याचे काय झाले?

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोकांकडे सोलापूरचे पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात जाणकारांचे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्याचे कागदोपत्री क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात शेकडो गावे, शहरांचे भाग, कारखाने, महामार्ग असे सगळेच आले. पक्ष्यांचे प्रत्यक्ष अधिवास मात्र त्यात विखुरलेल्या लहान तुकड्यांच्या स्वरूपात होते.

परिणाम असा झाला की ज्या शेतकऱ्याने आयुष्यात माळढोक पाहिला नाही त्याच्या जमिनीच्या व्यवहारावर या पक्ष्याच्या नावाने निर्बंध आले. लोकांच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली, आणि ती बसणे स्वाभाविक होते. अखेर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले, पण तोपर्यंत तीन दशके उलटली होती. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातील करेरा येथेही असेच घडले. अभयारण्य झाल्यावर काळविटे वाढली, पिकांची नासाडी झाली, गावकऱ्यांचा विरोध वाढला आणि १९९० च्या दशकात तेथून माळढोक नाहीसा झाला.

नान्नजचे गवत आजही वाया गेलेले नाही. तेथे काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल, पखुर्डी आणि हिवाळ्यात भोवत्ये दिसतात. माळढोक नाही म्हणून तो माळ निरुपयोगी ठरवू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

माळावर झाडे लावणे हे चांगलेच काम नाही का?

माळरानाच्या बाबतीत नाही. कमी पावसाच्या मुरमाड पठारावरचे गवत ही तेथील मूळ परिसंस्था आहे. ते जंगल तुटून राहिलेले अवशेष नव्हेत. नान्नजसारख्या ठिकाणीही माळावर गिरिपुष्प आणि सुबाभूळ यांची लागवड झाली. झाडे वाढल्यावर माळढोकाची नजर अडते, कावळे आणि शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळते आणि अंडी धोक्यात येतात. तणमोराच्या बाबतीत सावलीमुळे गवत विरळ होते. पश्चिम भारतात वेड्या बाभळीनेही अशीच कुरणे गिळली आहेत. पर्यावरण दिनाला गावच्या गायरानात रोपे लावण्याआधी तेथे कोणते गवत उगवते, हे एकदा गुराख्याला विचारावे.

बंदिस्त प्रजननाने हे पक्षी वाचतील का?

माळढोकासाठी २०१९ पासून जैसलमेर जिल्ह्यातील सम येथे, आणि नंतर रामदेवरा येथे, भारतीय वन्यजीव संस्था, केंद्र सरकार आणि राजस्थान वन विभाग यांच्या सहकार्याने प्रजनन कार्यक्रम सुरू आहे. रानातून अंडी गोळा करून ती कृत्रिमरीत्या उबवण्यापासून काम सुरू झाले. त्यातून वाढलेल्या पक्ष्यांनी पुढे स्वतः अंडी घातली, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्माला आले आणि आता तेथील पक्ष्यांची संख्या साठाच्या पुढे गेली आहे. ही खरोखर मोठी कामगिरी आहे. परंतु हे पक्षी सोडायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर तारांनी वेढलेल्या माळात सापडत नाही. प्रजननकेंद्राने मिळतो तो वेळ, आणि त्या वेळात माळ तयार झाला तरच त्याचा उपयोग.

शेतकरी आणि पशुपालक तणमोरासाठी काय करू शकतात?

तणमोराची गरज नेमकी आणि अल्पकालीन आहे: जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत गवत उभे राहिले पाहिजे. ऑक्टोबरनंतर ते कापून चारा म्हणून वापरण्याने पक्ष्याचे काही बिघडत नाही, उलट पुढच्या वर्षी फुटवा चांगला येतो. सौराष्ट्रातील राखीव वीडी, म्हणजे गवतासाठी राखलेली कुरणे, नेमक्या याच पद्धतीने चालत आल्या आहेत. पावसाळ्यात चराईबंदी, हिवाळ्यात कापणी, एवढे गावाने ठरवले तरी पुरेसे आहे. खरिपात पिकात घरटे आढळल्यास त्याभोवतीचा लहान तुकडा कोळपणी आणि फवारणीतून वगळावा, आणि भटक्या कुत्र्यांना त्या बाजूला फिरकू देऊ नये. नाकतोडे आणि भुंगेरे हेच पिल्लांचे अन्न असल्याने कीटकनाशकांचा मारा जितका कमी तितका बरा. मध्य प्रदेशात रतलाम परिसरात खरमोराची, म्हणजे तणमोराची, खबर देणाऱ्या आणि त्याला सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांना वन विभागाने बक्षिसे दिली आहेत.

अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजातील काही गावांनी कुरणे राखायला घेतली, याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. ज्यांच्या पूर्वजांनी फासे लावून हे पक्षी धरले त्यांनाच गवत, पायवाटा, आवाज आणि विणीच्या जागा यांचे सर्वांत खोल ज्ञान आहे. ते ज्ञान बाजूला सारून केवळ कुंपण आणि पहारेकरी यांवर उभारलेले संवर्धन तणमोराच्या कामी येणार नाही, कारण त्याची बहुतेक कुरणे वन विभागाच्या ताब्यात नाहीतच.

एका पक्ष्यासाठी राखलेले कुरण दुसऱ्याला उपयोगी पडते का?

अंशतः पडते. दोघांनाही नांगरलेली, झाडांनी भरलेली किंवा बांधकाम झालेली जमीन नको आहे, एवढ्यापुरते हित समान आहे. पुढे वाटा फुटतात. संपूर्ण कुरणात चराई कायमची बंद केली तर गवत उंच आणि दाट होऊन माळढोकाला ते नकोसे होते. वर्षभर मोकळी चराई ठेवली तर तणमोराला जागा राहत नाही. म्हणून एकाच माळावर काही पट्टे चरलेले, काही राखलेले आणि काही आलटून पालटून वापरलेले असावेत. जुन्या काळी गुराख्यांच्या फिरत्या चराईमुळे हे आपोआप घडत असे, आता ते व्यवस्थापन आराखड्यात लिहून घडवावे लागेल.

यांपैकी एखादा पक्षी दिसला तर काय करावे?

जेथे आहात तेथेच थांबावे. माळढोकाच्या दिशेने चालू नये, वाहन रस्त्यावरून खाली उतरवू नये, आणि पावसाळ्यात तणमोराच्या कुरणात तर पाऊलच टाकू नये, कारण दाट गवतातले घरटे पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावण्याचा प्रकार कटाक्षाने टाळावा. तारीख, वेळ, जागा, पक्ष्यांची संख्या, नर की मादी, आणि भोवती गवत होते की पीक, एवढे टिपून घ्यावे आणि दुरून छायाचित्र मिळाले तर जोडावे. ही माहिती स्थानिक वनपरिक्षेत्र कार्यालयाला किंवा महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावी. समाजमाध्यमांवर नेमके ठिकाण टाकू नये. छायाचित्र द्यायचेच असेल तर फक्त जिल्ह्याचे नाव द्यावे, आणि तेही हंगाम संपल्यावर.